अमोनिया कोणाचा?

(मंचाच्या गेल्या शनिवारच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा हा लिखित मजकूर. फळ्यावर काढलेल्या आकृत्या इथे देता येत नाहीत, म्हणून तेवढा भाग शब्दांत थोडा वाढवला आहे.)



"नत्र स्थिर करणारे जिवाणू अमोनियापासून अमिनो आम्ले कशी बनवतात" असा विषय मी कळवला, तेव्हा आपल्या संयोजकांनी मला हळूच विचारले, "बाई, शनिवारची दुपार आहे, लोक जेवून येणार. जरा हलकं काही नाही का?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून आधी एका फोनची गोष्ट सांगते, मग तुमची झोप उडाली तर उडाली.

माझा थोरला भाऊ लातूर जिल्ह्यात शेती करतो. खरिपात सोयाबीन आणि तूर, आणि विहिरीला पाणी टिकले त्या वर्षी रब्बीत थोडा गहू. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. गावात शेतीचे शिबिर झाले होते. तिथे सांगितले गेले की हवेत ७८ टक्के नत्र आहे, म्हणजे प्रत्येक शेताच्या डोक्यावर फुकटचा साठा आहे. देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे जीवामृत जमिनीला दिले की झोपलेले जिवाणू जागे होतात आणि तो नत्र पिकाला आणून देतात. युरियाची पिशवी विकत घेणे म्हणजे मूर्खपणा. दादा म्हणाला, "तू याच्यातच डॉक्टरेट केलीस ना? मग सांग, गव्हाला युरिया टाकू का नको?"

मी प्रयोगशाळेत देतात तसे उत्तर दिले : "याला पुरेसा पुरावा नाही."

"पुरावा नाही म्हणजे होत नाही, असं आहे का?"

"तसं नाही."

"जिवाणू हवेतला नत्र घेतात का नाही?"

"घेतात."

"मग?"

या "मग?"चे उत्तर मला फोनवर देता आले नाही. खरे सांगायचे तर थोडी लाज वाटली. वीस वर्षे ज्या विषयावर काम केले, त्यातला एक प्रश्न सख्ख्या भावाने विचारला आणि मी "पुरावा नाही" म्हणून हात झटकले. आपल्यातल्या बऱ्याच जणांची ही सवय आहे. गावाकडून आलेल्या प्रश्नाला आपण एक तर हसतो, नाही तर दुवा पाठवतो. तेव्हा आजचे भाषण म्हणजे दादाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे, तुम्ही मधले श्रोते.

पहिला भाग बहुतेकांना माहीत असेल, म्हणून भरभर सांगते. हवेतला नत्र म्हणजे दोन नत्र-अणूंची जोडी, तिहेरी बंधाने आवळलेली. हा बंध निसर्गातल्या सर्वांत घट्ट बंधांपैकी एक आहे. तो तोडून अमोनिया बनवायला माणसाने फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांची पद्धत शोधली. जर्मनीत ओपाऊ इथे १९१३ साली पहिला कारखाना सुरू झाला. ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब, लोखंडाचे उत्प्रेरक. आज जगातल्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के याच कामी जाते, आणि जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या अमोनियावर उभे आहे. युरिया त्याचाच पुढचा अवतार.

हेच काम काही जिवाणू शेतातल्या तापमानाला आणि साध्या दाबाला करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे एन्झाइम आहे. त्याच्या गाभ्यात सात लोखंडाचे अणू, नऊ गंधकाचे, एक मॉलिब्डेनमचा, आणि मधोमध एकच कार्बनचा अणू आहे. हा कार्बन तिथे आहे हे पक्के व्हायला २०११ साल उजाडले. मात्र "साध्या तापमानाला" याचा अर्थ "स्वस्तात" असा होत नाही. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायला जिवाणू कमीत कमी १६ एटीपी खर्च करतो. एटीपी म्हणजे पेशीची रोकड. शिवाय आठ इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, ते वेगळे. आणि हे एन्झाइम प्राणवायू लागला की कायमचे निकामी होते. म्हणजे रोकड मिळवायला श्वास घ्यायचा, आणि श्वासाने यंत्र बिघडते! या पेचातून प्रत्येक जातीच्या जिवाणूने आपापली वाट काढली आहे.

इथपर्यंत शाळेच्या पुस्तकातही असते. नत्रचक्राची ती आकृती आठवा. ढग, गाय, झाड, आणि जमिनीखाली जिवाणूंचा ठिपका. त्या ठिपक्यापासून झाडाकडे एक बाण जातो. त्या बाणावर कोणी काही लिहिलेले नसते. जिवाणूने अमोनिया केला, झाडाला दिला, संपले. दादाच्या शिबिरातली सगळी गंमत या एका कोऱ्या बाणात आहे. कारण विचारायचा प्रश्न असा : अमोनिया तयार झाल्यावर त्याचे अमिनो आम्ल कोण करतो? जो करतो, त्याचा तो नत्र.

आता अमोनियाचे अमिनो आम्ल होते कसे ते पाहू. १९७० पर्यंत समजूत अशी होती की पेशीतल्या साखरेच्या ज्वलनात तयार होणाऱ्या ऑक्सोग्लुटारेट या पदार्थावर अमोनिया थेट बसवला जातो आणि ग्लुटामेट हे अमिनो आम्ल मिळते. (ग्लुटामेट म्हणजे अजिनोमोटोमधले तेच, आणि पिकलेल्या टोमॅटोला चव देणारेही तेच.) एका पायरीत काम, आणि एटीपीचा खर्च शून्य. अडचण एवढीच की हे करणाऱ्या एन्झाइमचे जाळे फार जाड विणीचे आहे. अमोनिया भरपूर असला तरच ते पकडते. नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूच्या पेशीत अमोनिया मुबलक कधीच नसतो. तो थेंबाथेंबाने येतो.

१९७० साली इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन इथे टेम्पेस्ट, मीअर्स आणि ब्राऊन या तिघांनी जिवाणूंना मुद्दाम अमोनियाच्या उपासमारीत वाढवले. पाहतात तो काय, ते जुने एन्झाइम जवळपास गायब, आणि तरी जिवाणू मजेत ग्लुटामेट बनवताहेत. त्यातून एक नवे एन्झाइम हाती लागले आणि दोन पायऱ्यांचा मार्ग उलगडला. पुढच्याच वर्षी नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंमध्येही हाच मार्ग दाखवला गेला.

पहिली पायरी : पेशीत आधीपासून असलेल्या ग्लुटामेटवर एक एटीपी खर्चून अमोनिया चिकटवायचा. तयार होते ग्लुटामाइन. ग्लुटामेटमध्ये एक नत्र होता, ग्लुटामाइनमध्ये दोन झाले. हे करणारे एन्झाइम ग्लुटामाइन सिंथेटेज, आपण जीएस म्हणू. याचे जाळे फार बारीक विणीचे आहे, अगदी तुरळक अमोनियाही निसटत नाही. दुसरी पायरी : ग्लुटामाइनमधला तो जादा नत्र उचलून ऑक्सोग्लुटारेटवर ठेवायचा. आता दोन ग्लुटामेट झाले. या दुसऱ्या एन्झाइमचे लांबलचक नाव आखडून शास्त्रज्ञ त्याला गोगॅट म्हणतात. दोनपैकी एक ग्लुटामेट परत पहिल्या पायरीवर जातो, दुसरा हातात उरतो.

हे मी माझ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा फार आकडेमोड करावी लागते. तुम्हाला एका शब्दात सांगते : विरजण. दही लावायला आधी चमचाभर दही लागते, आणि उद्यासाठी चमचाभर बाजूला ठेवावे लागते. ग्लुटामेट बनवायला ग्लुटामेट लागतो, फिरून तोच मिळतो, आणि दर फेरीला एक वाढावा.

या वाढाव्यातून बाकीची अमिनो आम्ले होतात. ग्लुटामेट आपला नत्र दुसऱ्या एखाद्या सांगाड्याला देतो आणि स्वतः पुन्हा ऑक्सोग्लुटारेट होतो. ऑक्झॅलोअॅसिटेटला दिला तर अॅस्पार्टेट होते, पायरुव्हेटला दिला तर अॅलनिन. ही देवाणघेवाण करणारी एन्झाइमे तुमच्या ओळखीची आहेत. इथे बसलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येकाने वार्षिक तपासणीच्या कागदावर एसजीओटी आणि एसजीपीटी ही नावे वाचली आहेत आणि आकडा पाहून मनाशी एखाद्या पार्टीचा हिशोब केला आहे. एसजीओटीमधले "ओ" म्हणजे ऑक्झॅलोअॅसिटेट, एसजीपीटीमधले "पी" म्हणजे पायरुव्हेट, आणि दोन्हींतले "जी" म्हणजे आपला ग्लुटामेट. तुमच्या यकृतातले आणि मातीतल्या जिवाणूतले हे काम एकच. जिवाणूच्या पेशीतल्या एकूण नत्रापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक नत्र ग्लुटामेटच्या हातून येतो, उरलेला बहुतेक ग्लुटामाइनच्या.

हे सगळे नुसते कागदावरचे नाही, याचा मला फार आवडणारा पुरावा १९७६ चा आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात पीटर वोल्क आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सायक्लोट्रॉनमध्ये किरणोत्सारी नत्र-१३ बनवला. त्याचे अर्धे आयुष्य अवघे दहा मिनिटे. म्हणजे सायक्लोट्रॉनमधून काढायचा, वायू शुद्ध करायचा, निळ्या-हिरव्या शेवाळवर्गी जिवाणूंना हुंगवायचा, काही सेकंदांत त्यांना मारायचे, आणि नत्र कुठे पोचला ते मोजायचे. हे सगळे तो विझायच्या आत. त्यांना दिसले की खुणेचा नत्र आधी ग्लुटामाइनमध्ये दिसतो, मग ग्लुटामेटमध्ये. या जिवाणूंची माळ असते आणि साधारण दर दहावी पेशी जाड भिंतीची असते. नत्र स्थिर करायचे काम फक्त तिचे. पुढे कळले की त्या पेशीत जीएस आहे पण गोगॅट शेजारच्या पेशींत आहे. ती ग्लुटामाइन बाहेर देते, शेजारी तिला ग्लुटामेट परत पाठवतात. विरजणाची वाटी शेजाऱ्यांकडून!

आता मुद्द्याचे. मुक्त राहणारा जिवाणू, म्हणजे जमिनीत स्वतःच्या जिवावर जगणारा अॅझोटोबॅक्टर किंवा क्लेब्सिएला, हा अमोनिया किती बनवतो? उत्तर : स्वतःला लागेल तेवढाच. तो हे मोजतो कसे, ते पाहण्यासारखे आहे. तो अमोनिया मोजत नाही, ग्लुटामाइन मोजतो. ग्लुटामाइन कमी असेल तर नायट्रोजिनेजची जनुके चालू होतात. वाढले की जनुके बंद. एवढेच नाही, जीएसलाही लगाम आहे. हे एन्झाइम बारा सारख्या तुकड्यांचे असते, सहा-सहाची दोन कडी एकावर एक ठेवल्यासारखी. ग्लुटामाइन पुरेसे झाले की एक दुसरे एन्झाइम येऊन एकेका तुकड्यावर कुलूप लावते, आणि कमी पडले की तेच कुलूप काढते. बारापैकी किती कुलपे लागली त्यावर वेग ठरतो. अर्ल स्टॅटमन यांच्या प्रयोगशाळेने हे १९६० च्या दशकात उलगडायला घेतले, आणि इतक्या काटेकोर नियंत्रणाचे एन्झाइम तोवर कोणी पाहिले नव्हते. वर चुकून अमोनिया पेशीबाहेर झिरपलाच, तर तो परत आत ओढणारे पंप भिंतीत बसवलेले असतात.

१६ एटीपी मोजून केलेला माल कोण फेकून देईल? तो त्याची लगेच अमिनो आम्ले करतो, अमिनो आम्लांची प्रथिने करतो, आणि प्रथिने स्वतःच्या अंगात ठेवतो. गव्हाच्या मुळाला त्यातले मिळायचे ते जिवाणू मेल्यावर, कुजल्यावर, आणि तेही वाटेत बसलेल्या हजार तोंडांतून उरले तर. शिबिरातल्या माणसांनी "जिवाणू नत्र घेतात" हे बरोबर सांगितले. "पिकाला आणून देतात" हे त्या कोऱ्या बाणावर स्वतःच लिहिले.

दादाशी पुढच्या फोनवर आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला, तो इथे देते. एकराला सांगितलेले जीवामृत म्हणजे १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, २०० लिटर पाणी, आणि बांधावरची मूठभर माती. ओल्या शेणात नत्र अर्धा टक्का धरा, म्हणजे ५० ग्रॅम. गोमूत्रात एक टक्का, म्हणजे १०० ग्रॅम. बेसनात साधारण २२ टक्के प्रथिन आणि प्रथिनाचा सहावा हिस्सा नत्र, म्हणजे ७० ग्रॅम. झाले २२० ग्रॅम. आता गूळ. अॅझोटोबॅक्टर प्रयोगशाळेत एक ग्रॅम साखर खाऊन साधारण १० मिलिग्रॅम नत्र स्थिर करतो. दोन किलो गुळाचा प्रत्येक कण त्याच्याच तोंडी गेला असे समजू, तर २० ग्रॅम. सगळे मिळून पाव किलोच्या आत. दर पंधरवड्याला दिले, हंगामात आठ वेळा, तर दोन किलोच्या आत. आणि १५ क्विंटल गहू शेतातून उचलला तर नुसत्या दाण्यात नत्र जातो तो ३० किलो.

दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "पण शेजारच्या गावात एकाने दोन वर्षं युरिया न टाकता गहू काढला. मी पाहिलाय." मीही ते नाकारत नाही. आपल्या काळ्या जमिनीच्या वरच्या वीतभर थरात एकरी चार-पाचशे किलो नत्र सेंद्रिय रूपात असतो. वर्षाला त्यातले काही टक्के कुजून पिकाला मिळतात. ती ठेव आहे, आणि ठेव मोडून दोन वर्षे घर चालते. शिवाय आच्छादन, शेणखत, गव्हात हरभऱ्याचे आंतरपीक या गोष्टी त्याच शिबिरात शिकवतात, त्या सगळ्या चांगल्याच आहेत. माझे भांडण आच्छादनाशी नाही, त्या पाव किलोशी आहे. २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनेही या पद्धतीला शास्त्रीय आधार पुरेसा नाही असे म्हटले होते, पण अकादमीचे पत्रक गावात जात नाही. शिबिर जाते. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, आणि नोव्हेंबरात ती बंदी उठवावी लागली. मधल्या हंगामातल्या भाताचे काय झाले ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारावे.

आता मुळांवरच्या गाठींकडे येते. हा माझ्या कामाचा भाग, त्यामुळे थोडी वाहवत गेले तर थांबवा.

मी दहावीत होते, १९९६ चा जून. आमच्याकडे सोयाबीन नवे होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रायझोबियमची पाकिटे आणली, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळली, सावलीत वाळवली, पेरणी केली. ऑगस्टमध्ये पीक पिवळे. मी मुळे उपटून पाहिली तर गाठी मोजक्या, आणि नखाने फोडल्या तर आतून पांढऱ्या. पुढे कळले की दुकानदाराने ती पाकिटे अख्खा मे महिना पत्र्याखाली, उन्हात ठेवली होती, आणि मुदतही उलटून गेली होती. अण्णांनी विकत घेतली ती मेलेल्या जिवाणूंची काळी भुकटी. अण्णा म्हणाले, "जिवाणू-बिवाणू सगळं थोतांड." पुढच्या वर्षी मी हट्टाने त्यांना परभणीच्या कृषी विद्यापीठातून ताजे पाकीट आणायला लावले. त्या ऑगस्टमध्ये गाठी फोडल्या तर आतून गुलाबी, बोटाला रंग लागला. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. झाड हे रसायन प्राणवायू मोजूनमापून देण्यासाठी बनवते : जिवाणूला श्वास घेता येईल एवढा, नायट्रोजिनेज बिघडणार नाही इतकाच. अण्णांना दोन एकरांत पहिल्या वर्षी किती फटका बसला ते त्यांनी कधी सांगितले नाही. त्या दिवाळीला कपडे झाले नाहीत, एवढे आठवते.

गाठीच्या आत मघाची सगळी गणिते उलटी होतात. तोच जिवाणू झाडाच्या पेशीत शिरला की त्याचे स्वतःचे जीएस मंदावते, आणि अमोनिया परत ओढणारा पंप बंद पडतो. नायट्रोजिनेज मात्र पूर्ण वेगाने चालू. परिणामी अमोनिया जिवाणूतून झिरपून झाडाच्या पेशीत जातो. तिथे झाडाचे स्वतःचे जीएस टपून बसलेले असते. सोयाबीनमध्ये तर २०१० साली असे दिसले की अमोनिया ज्या दारातून बाहेर येतो त्या दाराच्या प्रथिनालाच झाडाचे जीएस चिकटून उभे असते. म्हणजे गाठीतला जिवाणू अमोनियापासून अमिनो आम्ले फारशी करतच नाही. ती झाड करते, त्याच दोन पायऱ्यांनी. तूर आणि सोयाबीन त्यापुढे जाऊन त्याचे अॅलंटॉइन बनवून वर शेंगांकडे पाठवतात. त्यात कार्बन चार आणि नत्रही चार, म्हणजे वाहतुकीला स्वस्त. (तुमच्या दाढीच्या क्रीमच्या डबीवर घटकांत अॅलंटॉइन असते, आज घरी गेल्यावर पाहा.) हरभरा आणि वाटाणा अॅस्पॅराजिन पाठवतात.

बदल्यात झाड जिवाणूला मॅलेट देते. एक ग्रॅम नत्रामागे सहा ते बारा ग्रॅम कार्बन. दोन किलो गूळ आणि चार महिने उन्हात उभे असलेले अख्खे पीक यांच्यातला फरक हाच. फुकट काही नाही, खर्च सूर्य आणि पान करतात.

आणि यातला सगळ्यात चक्रावून टाकणारा शोध २००९ चा. इंग्लंडमधल्या फिलिप पूल यांच्या गटाने दाखवले की वाटाण्याच्या गाठीतला जिवाणू ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले स्वतः बनवायचेच सोडून देतो. ती झाडाने पुरवली तर तो वाढतो, नाही तर नाही. हवेतला नत्र ओढून झाडाला पोसणारा हा गडी स्वतःच्या तीन अमिनो आम्लांसाठी झाडापुढे हात पसरतो! शाळेच्या पुस्तकात याला "सहजीवन" म्हणतात आणि दोन हात मिळवलेले दाखवतात. मला ते पाहिले की आमच्या गावातले सालगडी आठवतात. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात टोबी किअर्स यांनी सोयाबीनच्या काही गाठींना नत्राऐवजी अरगॉन वायू दिला, म्हणजे त्या जिवाणूंना मनात असूनही अमोनिया देता येईना. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला, आणि तिथल्या जिवाणूंची संख्या निम्म्यावर आली. काम नाही तर श्वास नाही. निसर्गात सगळे प्रेमाने चालते असे मानणाऱ्यांनी एकदा सोयाबीनचे मूळ उपटून पाहावे.

तर हवेतल्या नत्रावर शेती होते का? होते, पण अमोनिया झाडाच्या हाती पडेल अशी व्यवस्था असेल तिथेच. ब्राझीलने सोयाबीन जवळपास युरियाविना पिकवून दाखवले, योहाना डोबेराइनर यांच्या पिढीने घातलेल्या पायावर. त्याच परंपरेतल्या मारिआंजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मेक्सिकोच्या वाहाका डोंगरात मक्याचा एक देशी वाण आहे. त्याच्या जमिनीवरच्या मुळांना गोड चिकट द्रव सुटतो, त्यात जिवाणू राहतात, आणि त्या मक्याचा २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून येतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही साखर मक्यानेच पुरवलेली. आणि २०२४ मध्ये एका सागरी शैवालाच्या पेशीतला नत्र स्थिर करणारा जिवाणू आता जिवाणू राहिला नसून त्या पेशीचाच अवयव झाला आहे, असे जाहीर झाले. जपानमधल्या क्योको हागिनो यांनी ते शैवाल प्रयोगशाळेत वाढवायला दहा वर्षांहून अधिक काळ समुद्राच्या पाण्याचे नमुने गोळा केले होते. गव्हात असे काही घडवायचे प्रयत्न बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. दादाच्या या हंगामाला त्यांचा उपयोग नाही.

आपण अमेरिकेत राहतो म्हणून गावाकडच्या शिबिराला हसावे, असेही नाही. इथे २०१९ पासून मक्यासाठी जनुकसंपादित जिवाणू विकले जातात. कल्पना हुशारीची आहे : मघाशी सांगितलेले नियंत्रणच मोडायचे, म्हणजे ग्लुटामाइन वाढले तरी नायट्रोजिनेज थांबू नये आणि जीएसची पकड ढिली होऊन अमोनिया बाहेर सुटावा. पण साखरेचे काय, हा प्रश्न उरतोच. इथल्या मध्य-उत्तर भागातल्या दहा राज्यांच्या विद्यापीठांनी बाजारातल्या अशा निरनिराळ्या जिवाणू-उत्पादनांची चाचणी घेऊन २०२३ मध्ये निकाल छापले. ६१ प्रयोगांपैकी उत्पन्न वाढले ते फक्त दोनांत. चकचकीत बाटलीतले जीवामृतच म्हणायचे. फरक एवढाच की ही बाटली विकणाऱ्यांना कोट्यवधी डॉलरचे भांडवल मिळते.

युरियाची बाजू घ्यायला मी इथे उभी नाही, हेही सांगते. भारतात ४५ किलोच्या पिशवीची किंमत २०१८ मध्ये २४२ रुपये ठरली, निंबोळीचा लेप आणि कर वेगळे. इतकी स्वस्त वस्तू माणूस हात सैल सोडून टाकतो. जादा नत्र झाड घेत नाही, तो नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. आमच्या विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्या, असे मी दादाला सांगितले आहे. आणि सोयाबीनला युरिया टाकला तर गाठी आळसावतात, कारण आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूला पोसत नाही. दादा गेली आठ वर्षे सोयाबीनच्या पेरणीबरोबर एकरी एक पिशवी टाकत होता. का, तर सगळे टाकतात. तिथे त्याची पिशवी वाचू शकते, गव्हात नाही. शिबिराने नेमके उलट्या पिकावर बोट ठेवले.

आणखी एक गैरसमज दादाचा होता आणि माझाही एके काळी होता : सोयाबीननंतर जमिनीत भरपूर नत्र शिल्लक राहतो. आठ क्विंटल सोयाबीन काढले तर दाण्यातूनच पन्नास किलो नत्र बाजारात जातो. गाठींनी आणलेला बहुतेक तिकडेच गेला. शेंडा-पाला शेतात राहू दिला तर थोडा उरतो. पण दादा भुसकट जनावरांना घालतो, आणि त्याला दुसरा इलाजही नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर दादा म्हणाला, "एवढं सांगायला तुला तीन आठवडे लागले." मग त्याने स्वतःच एक गोष्ट केली, मी सुचवली नव्हती. विहिरीखालच्या एका एकरात गव्हाचे तीन पट्टे पाडले. एकाला फक्त जीवामृत, एकाला युरिया तीन हप्त्यांत विभागून, आणि एकाला दोन्ही नाही. तिसरा पट्टा कशाला, असे वहिनीने विचारले तेव्हा तो म्हणाला, "जीवामृतानं झालं का जमिनीनं झालं, ते कळायला." माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना हे पहिल्या वर्षी सुचत नाही.

पट्टे पुरेसे लांब नाहीत, विहिरीच्या बाजूचा पट्टा जरा ओलसर आहे, आणि एका हंगामाने काही सिद्ध होत नाही. हे सगळे मी त्याला सांगितले. तिन्ही पट्ट्यांची मळणी वेगवेगळी करायची आणि वजन एकाच काट्यावर करायचे, हे दोनदा सांगितले. गहू सध्या चिकात आहे. गेल्या रविवारी त्याने तिन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले, ते चहाच्या वेळी दाखवते. कोणता पट्टा कोणता, ते मात्र मी आधी सांगणार नाही.